दिनकररावांच्या चार वह्या

"बाबूजी, ये तो कोरी है," बाडा चौकातल्या टाइपिंगच्या दुकानातला राघव म्हणाला.

"अरे, कोरी कशी असेल? आगे देखो!"

राघवने भराभर पानं उलटली. मग दुसरी वही, तिसरी, चौथी. कुठे औषधालासुद्धा अक्षर नाही. दिनकरराव मटकन स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चारशे पानं! सकाळी निघताना शेवटचं पान त्यांनी स्वतः वाचलं होतं.

पस्तीस वर्षं त्यांनी कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला उतरवल्या होत्या. नकलेत खाडाखोड चालत नसे. एक काट पडली की पान फाडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. स्वतःची हकिकत लिहायला बसले, तर महिनाभर नुसते कागद फाडले. शेवटी नात सोनल वैतागली. "आजोबा, हे पेन घ्या. चुकलं की मागच्या रबराने मिटवून टाका. पन्ना फाडायची जरूरतच नाही!"

त्या पेनाने त्यांना लिहितं केलं. पण बैठक कुठे होती? वीस मिनिटांत पाठ धरायची, अंगठा आखडायचा, बेल वाजली की उठायला निमित्त मिळायचं. मग त्यांनी स्वतःलाच दम भरला, दोन पानं झाल्याशिवाय चहा नाही. अर्धा तास, एक तास, असं करत सत्तरी उलटलेला हा गृहस्थ सकाळचे तीन तास हलेनासा झाला. दोन वर्षं हे चाललं. सणवारसुद्धा सोडला नाही.

आणि आता हे! त्यांनी सोनलला फोन लावला.

"वह्या कुठे ठेवल्या होत्या, आजोबा?"

"स्कूटरच्या डिक्कीत. बँकेत दोन तास गेले, तेवढा वेळ उन्हात उभी होती."

"या मे महिन्यात? आजोबा, ती शाई गरमीने उडते. रबर घासून गरम होतं, म्हणून तर ती मिटते. मैं बताना ही भूल गई."

"दोन वर्षं, सोनल!" ती रडू लागली. मग एकदम म्हणाली, "रुको! घरी या. थंडीने परत येते म्हणतात."

दिनकररावांचा काडीचा विश्वास बसला नाही. तरी घरी येऊन त्यांनी फ्रीजरमधले मटार बाहेर काढले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या वह्या आत कोंबल्या. दुपारभर ते स्वयंपाकघरातच बसून राहिले. जेवले नाहीत.

संध्याकाळी सोनलने पहिली वही उघडली आणि किंचाळलीच, "आली! आजोबा, सगळी आली!"

फिकट होती, पण आली होती. दिनकरराव लहान मुलासारखे रडले. सोनल एकेक वही काढून बघत होती. चौथ्या वहीत मात्र ती थबकली.

"आजोबा, आतापर्यंत एखाददुसरा शब्द दुहेरी होता, इथे तर एकावर एक दोन-दोन ओळी दिसतायत. तुम्ही मिटवलेलंपण परत आलंय."

दिनकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पान सोनलच्या आजी वनमालाबाई गेल्या त्या दिवसाचं होतं. त्यांनी वही मिटायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. सोनल अडखळत वाचू लागली. वरची ओळ होती, 'दवाखान्यातून निरोप येताच मी हातातलं टाकून धावलो.' खाली पुसलेलं होतं, 'निरोप आला तेव्हा नक्कल अर्धी झाली होती. ती पुरी करून मी निघालो. पोचलो तोवर ती गेली होती.'

"टाइपला कोणतं द्यायचं?" सोनलने हळूच विचारलं.

"खालचं," दिनकरराव म्हणाले आणि तिच्याकडून बॉलपेन मागून घेऊन त्या ओळी स्वतःच उतरवायला बसले.