मधला स्पीकर

देवरामांना हल्ली टीव्हीवरचं संगीत ऐकू यायचं, पण बोलणं कळायचं नाही. म्हणून त्यांची मुलगी प्रीती नौपाड्यातल्या स्पीकरच्या दुकानात गेली.

"मॅडम, हा होम थिएटरचा रिसीव्हर घ्या, भिंती हादरतील," दुकानदार म्हणाला.

"मला शब्द ऐकू यायला हवेत. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात ना, त्याचा आवाज वेगळा वाढवता येईल असा दाखवा."

रिसीव्हर आणि स्पीकर घेऊन डोंबिवलीला घरी आल्यावर तिने स्वतःच वायरी जोडल्या. पण संवाद सोफ्याच्या मागून यायला लागले. मधल्या स्पीकरची वायर मागच्याला लागली होती.

"राहू दे गं, उद्या माणूस बोलावू," बाबा म्हणाले.

"नाही बाबा, आजच."

तिने वायरी काढून पुन्हा लावल्या, मधला आवाज वाढवला आणि नाटक लावलं. पहिल्याच विनोदाला बाबा तिच्याआधी हसले.