भार भरलेले डबे

कुमुदमावशीचा खुबा मोडला त्यात सगळ्यात मोठा फायदा तिच्या जावयाचा, शिरीषरावांचा होता. त्यांना आयतं वजन मिळणार होतं. शिरीषराव इतके हलके, की हातातल्या पिशवीत दोन नारळ दिल्याशिवाय बायको त्यांना घराबाहेर सोडत नसे.

मावशी मिरजेतल्या राहत्या घरी बाथरूममध्ये घसरली. डॉक्टर मगदूमांनी खुब्यात रॉड टाकला, स्क्रू पिळले आणि एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून म्हणाले, "आता शर्यत आहे. हाड आधी जुळतंय, का रॉड आधी थकतोय. त्या पायावर भार बेतानं टाका, मावशी."

"बेतानं म्हणजे?"

"थोडा थोडा."

मावशीला थोडं काही जमत नाही. तिला बघायला येणारी माणसं डबे घेऊन यायची, कुणी मऊभात, कुणी मुगाचं कढण. आणि आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम. अंथरुणावर पडून साखर तरी कुठून आणणार? तिनं डब्यात स्वतःचा भार घालायला सुरुवात केली. हात डब्यावर धरायचा, खांद्यापासून निथळू द्यायचा, काठोकाठ झाला की झाकण लावायचं. मी तिची भाची, सोबतीला राहिलेली. डबे विसळून देणं माझ्याकडे होतं.

शेजारच्या पाटोळेकाकू पहिला डबा घेऊन उतरल्या तेव्हा जिना करकरला.

"काय घातलंय गं मावशीनं एवढं?"

"घरचंच आहे," मी म्हटलं.

हळूहळू गल्ली जड झाली. तक्रार कुणाचीच नव्हती. पाटोळेकाकूंना गाढ झोप लागू लागली. शिरीषराव चार पुडांचा डबा आणत, तोही रोज, आणि येताना त्यात फक्त पातळ ताक. बघता बघता त्यांच्या चपला डांबरावर उमटायला लागल्या. नारळ घरी ठेवून ते पंख्याखाली खुशाल बसत.

मावशी मात्र गादीवरून वर निघाली. आधी बोटभर, मग वीतभर. मी चादर चारी बाजूंनी खोचली.

"पाय दुखतो?"

"पाय आहे का नाही तेच कळत नाही," ती म्हणाली. खुशीत होती.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला. रॉड नव्यासारखा होता. हाडातली भेगही नव्यासारखीच होती.

"रॉडला काम नाही तसं हाडालाही नाही," ते म्हणाले. "भार आल्याशिवाय त्यानं जुळावं कशाला? दिलेला परत आणा. नाहीतर ह्या काही जमिनीला लागत नाहीत."

मावशीनं चादरीची कड घट्ट धरली. "मृणाल, मला माझ्या ओट्यापाशी उभं राहायचंय गं. बाकी काही नको."

मी घरोघर गेले. माणूस ओळखायचा तर त्याला दिलेलं परत मागावं. पाटोळेकाकू म्हणाल्या, "आजची झोप होऊ दे, उद्या ने," आणि मग मी हलत नाही असं पाहून घसघशीत डबा भरून दिला. बाकीच्यांनी हात राखून दिलं. झाकण उघडल्यावर कळायचं. तरी दर डब्याला मावशी थोडी खाली येत होती. टाच फरशीला टेकली, आणि तिथंच थांबली. राहिलेला भार शिरीषरावांकडे होता.

ते उंबऱ्यात पाय रोवून उभे राहिले. "ताई, आत्ता कुठं मी रस्त्याच्या मधून चालायला लागलोय."

"तिला ओट्यापाशी उभं राहायचंय."

"आमटी करणार म्हणतात?"

"पहिली तीच."

त्यांनी उंबऱ्यात रोवलेला पाय उचलला. मग डबा घेऊन माझ्याबरोबर आले आणि मावशीच्या पायाशी बसून ओतू लागले. तिचं कुठं संपतं आणि आपलं कुठून लागतं, ते त्यांना वेगळं करता येईना.

"बास करा, शिरीषराव," मी म्हटलं.

"असू दे. कमी पडायला नको." आणि ते ओतत राहिले.

मावशी उभी राहिली. आतून रॉड एकदा कुरकुरला. मग हाडानं आपला वाटा उचलला आणि कुरकुर थांबली. ती चालत ओट्यापर्यंत गेली. शिरीषराव छताकडे निघाले होते. जाता जाता तिनं त्यांचं बोट पकडलं.

हिशोब सरळ होता. पाटोळेकाकूंची झोप गेली. गल्लीनं दिलं ते हात राखून. शिरीषरावांनी होतं नव्हतं ते सगळं दिलं. माझं काहीच गेलं नव्हतं.

"जावयाचा डबा रिकामा कसा पाठवू?" मावशी म्हणाली. तिच्या एका हातात शिरीषरावांचं बोट होतं, दुसऱ्या हातात मीच विसळलेला डबा. तो तिनं झाकण काढून माझ्यापुढे धरला.