जिरूला अभयदान

लखीचंद दरवर्षी पर्युषणात पाखरं सोडत. पाखरंवाला पिंजराभर पोपट आणायचा, लखीचंद ते विकत घेऊन गच्चीवरून उडवायचे आणि पाखरंवाला त्यांतलेच निम्मे पुन्हा धरायचा. पोपट सोडले तर कुणाची तक्रार नव्हती. यंदा मात्र वनखात्याच्या धाकाने तो अमळनेरात फिरकलाच नाही. लखीचंदांची आठ दिवसांच्या उपवासाची अठाई सुरू, पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, उजाडलेली, आणि सोडायला जीव नाही!

घरात एक होता. सून पलकची मांजर, जिरू.

पलकची पहिली मांजर दारातच गाडीखाली गेली होती. म्हणून जिरूला तिने पिल्लू असल्यापासून उंबरा ओलांडू दिला नव्हता. धुळ्याच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं, लस टोचा आणि घरातच ठेवा. पलकने खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या.

"जीवाला कोंडतेस, बेटा," लखीचंद म्हणायचे. "पाप लागतं."

"पापाजी, तिला बाहेरचं काही कळत नाही. कुत्रं आलं तर हुंगायला जाईल ती."

"निसर्ग शिकवतो सगळं."

संवत्सरीला पलक साध्वीजींच्या व्याख्यानाला जैन स्थानकात गेली. तेवढ्यात लखीचंदांनी जिरूला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि नवकार मंत्र म्हणत सोडून दिलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, अभयदान. पलकने तो स्थानकाच्या पायरीवर पाहिला आणि तशीच धावत सुटली.

कोपऱ्यावर भाजीवाली बेबाबाई आडवी आली. "भाभी, नका पाहू. कुत्रास्नी फाडी टाकी तिले. पळनी बी नही वं, बठीच राहिनी."

ग्रुपवर तोवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

संध्याकाळी वर्षभराच्या पापांचं प्रतिक्रमण आटोपल्यावर लखीचंदांनी क्षमेसाठी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा." साऱ्या गोतावळ्याला म्हटलं होतं, त्याच सुरात. पलक आत निघून गेली.

दुसऱ्या सकाळी पारणं. लखीचंद हटून बसले, सुनेने क्षमा केल्याशिवाय मुगाचं पाणी घेणार नाही. सासूबाई झमकूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पलकचा नवरा अखिल खोलीत आला.

"आठ दिवस पोटात अन्न नाही त्यांच्या. एका मांजरीपायी माणूस मारणार आहेस का?"

बाहेर पाहुणे खोळंबले होते. पलक आली, हात जोडले, म्हणायचं ते म्हणाली. लखीचंदांनी घोटभर पाणी घेतलं. चेहरा लगेच उजळला.

"दुसरी आणू आपण, बेटा," ते म्हणाले. "पण मोकळी ठेवायची हं."