अध्यक्षांची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो, पण शाळेतली नव्हे. शाळेची घंटा वाजली की मुलं आरडाओरडा करत बाहेर धावतात. मी वाजले की मोठमोठी माणसं बोलता बोलता तोंड मिटून खाली बसतात. मी सभेची घंटा. हातात मावणारी, लाकडी मुठीची. आपण भल्याभल्यांना गप्प करतो याचा मला कितीतरी वर्षं तोरा होता. तो कसा उतरला ते तुम्हाला सांगते. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला एका ओताऱ्याने घडवलं. ओल्या वाळूच्या साच्यात त्याने तापलेलं पितळ ओतलं, निवल्यावर मला बाहेर काढून कानशीने घासलं आणि माझ्या पोटात लोलक अडकवला. लोलक म्हणजे आतला तो लोंबता लोखंडी गोळा. तो पितळावर आपटला की मी बोलते, नाहीतर मी नुसतं भांडं. ओताऱ्याने मला हलवून पाहिलं आणि मान डोलावली. त्याची बायको आतून ओरडली, "अहो, बास करा! कानठळ्या बसल्या." मी जन्मल्या जन्मल्या ऐकलेलं माझं पहिलं कौतुक ते.

मी गेले एका वाचनालयात. खाली पुस्तकांची कपाटं आणि वर एक लांबट सभागृह. दर आठवड्याला तिथे वादसभा भरायची. अध्यक्ष व्यवसायाने शिंपी होते. खांद्यावरची टेप काढायला विसरून तसेच खुर्चीत येऊन बसायचे, आणि लोक हसायचे. त्यांचा नेम असा होता, की बोलणाऱ्याची वेळ संपत आली की मला एकदा वाजवायचं आणि संपली की पुन्हा वाजवायचं. मग समोर कुणी का असेना, त्याने बसायचं. मात्र त्या वेळेच्या आत कुणी मध्ये तोंड घातलेलं त्यांना खपत नसे. "आधी त्याचं पुरतं ऐका, मग हवं तर भांडा," असं ते दटावायचे. स्वतःचं मत ते कधी सांगत नसत. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "अध्यक्षाला मत नसतं. घरी जाऊन विचारा."

पहिल्या रांगेत त्यांची थोरली बहीण बसायची. हातात सुया, मांडीवर लोकरीची टोपली. तिला ऐकू कमी येत होतं आणि ते ती कुणाला कळू देत नव्हती. भाषणातलं अर्धंमुर्धं तिच्या डोक्यावरून जायचं. म्हणून ती भावाचा हात बघत बसायची. हात उचलून हलला म्हणजे घंटा वाजली, भाषण संपलं, आता टाळ्या वाजवायच्या. कधी अध्यक्ष माझ्यावरची धूळ झटकायला हात हलवायचे आणि ही बाई एकटीच टाळ्या वाजवायची. सभागृहात खसखस पिकायची. मीही मनात हसायचे. पुढे तीच सवय किती महत्त्वाची ठरणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

एका वर्षी येऊ घातलेल्या एका कायद्यावर वाद ठेवला होता. बरा न होणारा आजार असेल आणि माणसाने स्वतः मागितलं, तर डॉक्टरांनी त्याला मरायला मदत करावी का? त्या दिवशी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. एका बाजूने बोलले प्रवचनकार. पांढरी दाढी आणि मऊ आवाज. ते म्हणाले, "जे मी मिळवलं नाही, ते माझ्या मर्जीने टाकायचं कसं? हा श्वास माझ्याकडे ठेवायला दिलेला आहे. आणि दुसरं सांगतो. एकदा हे दार उघडलं, की घरातलं प्रत्येक म्हातारं माणूस मनात विचारत बसेल, की मी अजून इथे का? त्याला कुणी जा म्हणणार नाही. पण तो ते ऐकेल."

त्यांच्या विरुद्ध बोलली अध्यक्षांची स्वतःची लेक. तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि बोलणं भिंगासारखं लख्ख. "तुमची श्रद्धा तुम्हाला धीर देत असेल तर मी तिला हात जोडते," ती म्हणाली. "पण ज्याची ती श्रद्धा नाही, त्याने तुमच्या देवासाठी का तळमळायचं? कपडे कुठले घालायचे हे मी ठरवते, लग्न कुणाशी करायचं हे मी ठरवते, आणि शेवटचं, सगळ्यात माझं असं जे आहे, ते मात्र दुसरे ठरवणार? उद्या माझ्या घरात ही वेळ आली, तर मी..."

तेवढ्यात अध्यक्षांनी मला दुसऱ्यांदा वाजवलं. ती तोंड उघडं ठेवूनच थांबली आणि धुसफुसत खाली बसली. आत्याने, म्हणजे त्या थोरल्या बहिणीने, जोरात टाळ्या वाजवल्या. घरी जाताना लेक कुरकुरत होती, "बाबा, एकच वाक्य राहिलं होतं हो!" अध्यक्ष हसून म्हणाले, "राहू दे. पुढे कधीतरी पुरं कर."

पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि त्याच वर्षी अध्यक्षांना सुईत दोरा ओवता येईना. "नजर गेली बघ माझी," म्हणाले. लेकीने नवा चष्मा करून दिला. थोड्या दिवसांनी आणखी एक दिला. तिसऱ्यांदा तिने त्यांचे डोळे तपासले. डोळे अगदी ठीक होते. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, मूठ आवळून दाखवा." त्यांनी आवळली. ती अर्धवट राहिली.

आजाराचं नाव लांबलचक होतं, मला ते म्हणता येत नाही. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ जड झाली. सभागृहात माझ्या जागी बटण दाबलं की टिंगटिंग करणारं एक विजेचं खेळणं आलं, आणि वाचनालयाच्या लोकांनी मला अध्यक्षांच्या घरी पोचतं केलं. माझी मूठ त्यांच्या उजव्या हातात बांधल्यासारखी बसवलेली असायची. मनगट तेवढं हलत होतं. पापण्या तर आपोआप फडफडायच्या, त्यामुळे डोळ्यांच्या खुणेवर कुणी भरवसा ठेवत नसे. एकदा वाजले तर हो, दोनदा वाजले तर नाही. पाणी हवंय? हो. कुशीवर वळवू? नाही. मित्रांनो, जन्मभर मी लोकांना गप्प केलं होतं. आता एका माणसाचा सगळा आवाज माझ्या पोटात येऊन राहिला होता. मला त्याची भीतीच वाटायची.

बोलता येत होतं तोवरच अध्यक्षांनी लेकीला सांगून ठेवलं होतं. "आता अध्यक्षाला मत आहे," एवढंच म्हणाले होते. लेकीने धावपळ करून सगळं जमवलं. सरकारी डॉक्टर घरी आले आणि त्यांनी नियम समजावला. रोग्याने स्वतः मागायचं, तेही दोनदा, मध्ये काही आठवडे सोडून. आणि दोन्ही वेळा डॉक्टरने ते आपल्या कानांनी ऐकायचं.

"घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही," ते म्हणाले. "कुणाला घाई असते, कुणाला माया असते."

मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं. मी एकदा वाजले. इतकी स्वच्छ मी सभागृहातही कधी वाजले नव्हते.

आत्याला हे मुळीच मान्य नव्हतं. डॉक्टर गेल्यावर ती भावाच्या उशाशी बसून रडली, रागावली. "अरे, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलं. देवापुढे मी कुठल्या तोंडाने उभी राहू? दोन दिवस कळ काढ. तो नेईल तेव्हा नेईल." अध्यक्षांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मी दोनदा वाजले. आत्याने डोळे पुसले आणि पुन्हा सुया हातात घेतल्या. भावासाठी ती राखाडी रंगाचा गळपट्टा विणत होती. तो पुरा होण्याआधी भाऊ जाणार नाही अशी तिने मनाशी काहीतरी गाठ बांधली असावी, कारण रोज थोडं विणायची आणि थोडं उसवायची.

लेक मात्र दिवसेंदिवस मुकी होत गेली. दुकान लवकर बंद करून यायची आणि दारात उभी राहून नुसती बघत राहायची. अध्यक्षांचं मनगटही थकत चाललं होतं. मला एकदा वाजवलं की पुढे कितीतरी वेळ हात तसाच पडून राहायचा. घरात सगळ्यांना डॉक्टर दुसऱ्यांदा यायचा तो दिवस जवळ येताना दिसत होता आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. मला वाटायचं, काहीतरी वाईट होणार. काय ते कळत नव्हतं, पण होणार.

त्या दिवशी सकाळी अध्यक्षांना ग्लानी आली होती. आत्या अंघोळीला गेली होती. लेक आत आली. तिने स्टुलावरून मला उचललं, आत्याच्या टोपलीतून राखाडी लोकरीचा पुंजका घेतला आणि माझ्या पोटात लोलकाभोवती बोटाने दाबून दाबून भरला. ती पुटपुटत होती, "अजून थोडे दिवस, बाबा. थोडेच दिवस." मला ओरडायचं होतं. पण माझी जीभच तिने बांधली होती.

मग नेहमीप्रमाणे तिने मला त्यांच्या हातात बसवलं.

डॉक्टर आले. प्रवचनकारही आले होते. आत्यानेच त्यांना बोलावलं होतं. ते कोपऱ्यात डोळे मिटून बसले. लेक खिडकीपाशी पाठ करून उभी होती. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि शांतपणे विचारलं, "तुमची मागणी अजून तीच आहे का?"

अध्यक्षांचं मनगट हललं. माझ्या पोटात लोलक लोकरीवर मऊसा आपटला. बाहेर काहीच आलं नाही. डॉक्टर वाट बघत राहिले. मनगट पुन्हा हललं. मग पुन्हा. कपाळावर घामाचे थेंब आले. अध्यक्षांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे, लेकीच्या पाठीकडे. ते कळलं होतं त्यांना. मी त्यांच्या मुठीत होते, मला सांगता येतं.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "उत्तर मिळत नाहीये. मग मला..."

"अहो, वाजवतोय की तो!" आत्या एकदम बोलली. तिच्या सुया थांबल्या होत्या आणि नजर भावाच्या हातावर होती, सभागृहात असायची तशीच. "कधीचा वाजवतोय बिचारा. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

प्रवचनकारांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी मला हळूच सोडवून घेतलं, उलटं केलं आणि चिमटीने तो पुंजका ओढून बाहेर काढला. राखाडी लोकर. सगळ्यांच्या नजरा आत्याच्या मांडीवरच्या गळपट्ट्याकडे गेल्या. आत्याने लोकरीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. तिथे लेकीने गज घट्ट धरले होते.

"लोकर माझी आहे," आत्या म्हणाली.

लेक वळली नाही.

डॉक्टरांनी मला पुन्हा अध्यक्षांच्या हातात दिलं आणि पुन्हा विचारलं. आता माझा आवाज मोकळा होता, पण हात संपला होता. होतं नव्हतं ते सगळं बळ त्या मुक्या वाजण्यात गेलं होतं. बोटं माझ्या मुठीवर नुसती पडून राहिली. डॉक्टर खूप वेळ बसले. आत्या त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाली, "मी पाहिलंय. तो हो म्हणाला. मला नकोय ते, पण तो हो म्हणाला." डॉक्टरांनी मान खाली घातली. "बाई, घरच्यांचं मला धरता येत नाही. हात परत चालायला लागला तर निरोप द्या." निघताना प्रवचनकार दाराशी अडखळले आणि म्हणाले, "मी याचसाठी प्रार्थना करत होतो. पण ती अशी फळायला नको होती."

हात परत चालला नाही. अध्यक्ष त्यानंतर बरेच दिवस जगले. कसे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. लेक त्यांची उठबस करायची, तोंड पुसायची, आणि रोज सकाळी मला त्यांच्या हातात बसवायची. जणू मी वाजेन. एकदा ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाबा, ते राहिलेलं वाक्य..." आणि तिथेच थांबली. या खेपेला तिला थांबवायला मी वाजले नव्हते. थंडी सरता सरता एका दुपारी अध्यक्षांचा श्वास थांबला.

आता मी लेकीच्या दुकानात, काचेच्या टेबलावर असते. गिऱ्हाइकं मला वाजवून तिला आतून बोलावतात. लोलकाच्या कडीत राखाडी लोकरीचा एक धागा अजून अडकलेला आहे. तो काढायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

मित्रांनो, प्रवचनकार बरोबर होते की लेकीचं भाषण बरोबर होतं, हे माझ्या पितळी डोक्याला ठरवता येत नाही. आत्या आणि लेक, दोघींचीही माया खरी होती. तुम्हाला माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि ते काही सांगू लागलं, तर त्याचं पुरतं ऐका. नाही पटलं तर भांडा, रडा, हात जोडा. पण त्याच्या घंटेत लोकर भरू नका.

आत्याला आता काहीच ऐकू येत नाही. तरी ती अधूनमधून दुकानात येते. टेबलापाशी उभी राहते, मला उचलते आणि एकदाच हलवते. माझ्याकडे नाही, भाचीच्या तोंडाकडे बघत.

"वाजली ना गं?" ती विचारते.

लेक हातातला चष्मा खाली ठेवते आणि आत्याला दिसेल अशी मान हलवते. "वाजली, आत्या."