बैठकीच्या खोलीतलं बेट

"सर, तुम्ही स्वतः समुद्र पाह्यला का?"

हे विचारून दाखव म्हणून रिंकू आणि मयुरीनं स्वीटीशी दोन समोशांची पैज लावली होती. ढोक सरांनी नववीच्या फळ्यावर नुकतंच एक दूरचं बेट काढलं होतं. बेटाच्या कड्यात लाटांनी कोरलेली गुहा, गुहेतून आरपार गेलेला बोगदा, सगळं कसं झकास. प्रश्न ऐकला आणि सरांच्या हातातला खडू मोडला.

"नाई," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. "मी तं नागपूरच्या पुढं गेलोच नाई. बावीस वर्षं झाली, न पाह्यलेलं शिकवून राह्यलो. आता बंद. जे पाह्यलं नाई, ते शिकवणार नाई."

सर शब्दाचे पक्के निघाले. समुद्र बंद, हिमालय बंद, वाळवंट बंद. रोज एकच धडा, काळी माती. इकडे वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. समोसे एकट्या स्वीटीनं खाल्ले, आता शिव्याही तीच खात होती.

"सरले तूच बंद पाडलं, आता तूच चालू कर," रिंकूनं बजावलं, जसे काही सर म्हणजे विहिरीवरची मोटार.

स्वीटी हातावर हात धरून बसणारी नव्हती. विदर्भातल्या गिरडजवळच्या त्यांच्या गावात तिच्या घरची बैठकीची खोली दिवाळीपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. बाबा चांगल्या भावाची वाट पाहत होते, आणि तोवर पलंग, टीव्ही आणि पाहुणे यांचा मुक्काम अंगणात होता. रविवारी सकाळी तिघींनी दाबून घट्ट झालेल्या त्या ढिगात हातांनी गुहा कोरली. मग कोरत कोरत मागच्या दारापर्यंत बोगदा नेला. पुढच्या दाराच्या उंबऱ्यापाशी आईची निळी साडी अंथरली. तो समुद्र. अंगभर खाज सुटली, पण बेट उभं राहिलं.

"सर, किनारा तयार आहे. पाहाले या," स्वीटी जाऊन सांगून आली.

ढोक सर आले. त्यांनी चपला काढल्या, पँट भिजू नये म्हणून गुडघ्यापर्यंत दुमडली, साडी ओलांडली आणि रांगत गुहेत शिरले.

"लय गरम होते वं आत!" ढिगातून आवाज आला. "बेट विषुववृत्तावरचं दिसते!"

तेवढ्यात दारात गाडी येऊन थांबली. बाबा आदल्या दिवशी कापसाचा सौदा करून आले होते आणि घरात सांगायचंच विसरले होते. गाडी भरणारा मुकेश आणि त्याचे गडी पुढच्या आणि मागच्या दारानं घुसले. धडाधड गाठोडी बांधू लागले.

"थांबा! आत सर आहेत!" स्वीटी ओरडली.

"सर? काऊन?" मुकेश म्हणाला.

"शिकून राह्यले."

"मंग शिकू दे ना त्याईले," बाबा म्हणाले. "गाडी थांबत नाई."

"थांबवू नका!" ढिगातून सर गरजले. "ह्या लाटाच आहेत. दोन्हीकडून मारा होऊ द्या! लिहा पोरीहो, लाटांच्या माऱ्यानं बोगदा रुंद होत जातो..."

पोरी वह्या आणायला पळाल्या. आपण लाटा आहोत हे कळल्यावर मुकेशच्या माणसांना भलताच जोर चढला. बोगद्याची कमान झाली. कमानीखाली मांडी घालून बसलेले सर दिसू लागले.

"आता छत कोसळते, नीट पाहा!" सर म्हणाले, आणि छत कोसळलं.

खोलीच्या मधोमध कापसाचा एक पांढरा खांब तेवढा उरला.

"आणि शेवटी उरतो तो सागरी स्तंभ," खांब म्हणाला.

आईनं झाडणीनं सरांना झाडून काढलं. त्यांचे डोळे पाणावले होते. आनंदानं की खाजेनं, ते कळायला मार्ग नव्हता. "पाह्यलं! उद्याच शिकवतो," सर म्हणाले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "पण पुढचा धडा ज्वालामुखीचा आहे. तो कुठं पाह्यला मी?"

रिंकू आणि मयुरीनं एकदमच स्वीटीकडे पाहिलं. स्वीटीनं केसांतला कापूस उपटून फेकला आणि कमरेवर हात ठेवून आईबाबांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलं. वावरातला तुरीच्या वाळल्या कुटाराचा ढीग कोणाले देऊ नका. ढोरायले दुसरं काही टाका. पुढच्या रविवारी मी तो सरांसमोर पेटवणार आहे."