मानसीच्या घरचं पाचवं झाकण

मित्रांनो, दचकू नका. वर्गात दुसरं कोणी नाही, मीच बोलतोय. मी एक जुना खिळ्यांचा फळा आहे. विक्रोळीच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात खिडकीशेजारी टांगलेला असतो.

माझा जन्म खोक्यातून झाला. खरंच! इथल्या एका कारखान्यात बोटीने मशीन आलं होतं, त्या खोक्याच्या मी फळ्या. येताना समुद्रात एका देवमाशाने मला चाटलं, म्हणून मला अजून खारट वास येतो. नाही पटत? राहू द्या. पण पुढचं सगळं खरं हां. सुताराने मला रंधा मारला, हिरवा रंग दिला आणि ओळीने खिळे ठोकले. मुलांनी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवून त्यांना भोकं पाडली. एका माणसामागे एक झाकण. खालून वर एकेक अडकवत गेलं की उभा राहतो स्तंभ, आणि असे स्तंभ शेजारी शेजारी आले की झाला स्तंभालेख.

माझ्यावर काय काय मोजलं म्हणून सांगू! कोणाला कुठली भाजी आवडते, शाळेत कोण चालत येतं, कोण बसने. एकदा भेंडीचा स्तंभ एवढा उंच गेला की वरच्या झाकणावर कावळा येऊन बसला. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मग भिंतीवर मोठा स्क्रीन आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांमागे झाली. पालींनी माझ्यावर अंडी घातली. माणूस मात्र कोणी फिरकलं नाही.

मला तिथून काढलं ते उत्तरा बाईंनी. स्क्रीनवर बोट लावलं की स्तंभ सर्रकन वाढायचा, पण का वाढला ते पोरांना कळायचं नाही. बाईंनी मला पुसलं, टांगलं आणि सर्व्हे दिला, 'आमच्या घरी किती माणसं?' शनिवारी पालकसभेत हा आलेख दाखवायचा होता.

"अंदाजे नको हां," बाईंनी बजावलं. "घरी जेवायला बसताना ताटं मोजा. म्हणजे कोणी मोजायचं राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी ओजसने आपल्या स्तंभात सहा झाकणं अडकवली, दर्शनाने तीन. मानसीने पाच.

ओजस मानसीच्याच चाळीत राहायचा. तो ओरडला, "ए खोटारडे! तू, तुझी आई, बाबा आणि बंटी. चारच होतात. पाचवं कोण, भूत?"

वर्ग खो खो हसला.

"आजोबा," मानसी म्हणाली.

"ते तर दिवाळीत गेले ना गं!"

"गेले म्हणून काय झालं? वर्ष होईपर्यंत आमच्याकडे त्यांचं ताट पहिलं वाढतात. बाईच म्हणाल्या ना, ताटं मोजा."

बाई जवळ आल्या. "अगं बाळा, जी माणसं आत्ता घरात राहतात तीच मोजायची." आणि त्यांनी ते वरचं झाकण काढलं.

मानसीचे डोळे भरले. "बाई, नका ना. आजोबांना वाटेल, आपल्याला घरातून काढलं. मग ते जेवायला यायचेच नाहीत."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण झाकण काही परत लावलं नाही.

त्या दुपारी वर्गात पाढे चालले होते. पंखा बंद होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. मानसीच्या स्तंभातला पाचवा खिळा हळूहळू गार पडायला लागला. बर्फासारखा गार. आणि आवाज आला, टिंग!

सगळ्या माना वळल्या. खिळ्यावर झाकण डुलत होतं.

"मी नाही हां बाई! आईशप्पथ!" ओजस बाकाखालूनच ओरडला.

बाईंनी ते हातात घेतलं. ते मुलांचं नव्हतंच. गंजलेलं, आतून बुचाची चकती लावलेलं. अशी झाकणं आता मिळतात कुठे? बाईंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी कुलूप तसंच, आणि झाकण माझ्यावर! त्याला गरम भाताचा वास येत होता. बाई रोज ते काढायच्या आणि रोज ते परत यायचं. बिचाऱ्या ओजसला मात्र उगाच पहिल्या बाकावर, बाईंच्या डोळ्यांसमोर बसावं लागलं.

शनिवारी सभेआधी बाईंनी ते पुन्हा काढून मुठीत धरलं. मानसीची आई सुलक्षणा आली आणि माझ्यासमोर थबकली.

"आमच्या मानूची झाकणां चारच कशी?"

"वहिनी, आजोबा आता नाहीत ना, म्हणून..."

"बाई, आमी तेंका रोज पयलां ताट वाढतंव. भरल्या ताटावरसून कोणाक उठवतत काय?"

ती तावातावाने नव्हती बोलली. पण बाईंची मूठ आपोआप उघडली. सगळ्या पालकांसमोर त्यांनी ते झाकण स्वतःच्या हाताने पाचव्या खिळ्यावर लावलं. त्यासरशी खिळा उबदार झाला. मानसी आईच्या पदराआडून हसली.

सभा संपली. मुलं दप्तरं भरत होती. ओजस म्हणाला, "बाई, तुमचा स्तंभ कुठाय?"

बाईंनी हसून खडूने आपलं नाव लिहिलं आणि एक झाकण अडकवलं. "मी एकटीच रे."

"ताटं मोजलीत का?"

"ताट एकच." मग बाईंनी खडू खाली ठेवला. "चहाचे कप मात्र दोन काढते सकाळी. आमच्या साहेबांना जाऊन किती दिवस झाले, पण हात ऐकत नाही."

त्या झाकणाच्या वरचा खिळा गार पडत गेला.

टिंग!

कोणी ओरडलं नाही. बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी शेजारची खुर्ची जराशी पुढे ओढली, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "आलात?"

मित्रांनो, स्तंभालेख जरूर काढा. मला अधूनमधून पुसत जा, माझे खिळे गंजू देऊ नका. आणि मोजताना एखादं झाकण जास्त निघालं, तर ते ओढून काढण्याआधी विचारा तरी, इथे कोण बसलंय?