प्रतीकात्मक वीट

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या तीन पायऱ्यांलगतच्या अठरा फुटी उताराचे काँक्रीट ओतून पूर्ण झाले. काम दोघांचे: एक गवंडीबाई आणि उतार कृती समितीचे चिटणीस. समितीला याची कल्पना नव्हती.

समिती पावणेतीन वर्षांची आहे. चिटणीसांची आत्या व्हीलचेअरवर असते आणि तिला वाचनालयात जायचे आहे, त्यासाठी ती स्थापन झाली. बैठका एका सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर होतात. तिथे लिफ्ट नसल्याने आत्या एकाही बैठकीला आलेली नाही. प्रत्येक इतिवृत्तात तिच्या अनुपस्थितीबद्दल खेद नोंदवलेला आहे. इतिवृत्ते चिटणीस लिहितात. दोनशे चौदा निवेदनेही त्यांनीच लिहिली.

आंदोलनाच्या हजाराव्या दिवशी, म्हणजे या सोमवारी, अध्यक्षांनी पायऱ्यांपाशी एक प्रतीकात्मक वीट ठेवावी असे महिन्यापूर्वी ठरले. वीट आणायचे काम चिटणीसांकडे आले. ते गवंडीबाईंकडे गेले आणि फोटोत बरी दिसेल अशी एक वीट मागितली.

"एकच? बाकीच्या कधी नेणार?" बाईंनी विचारले.

"बाकीच्यांसाठी पाठपुरावा चालू आहे."

"कुणाकडे?"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच टेप घेऊन वाचनालयापाशी आल्या. पायरी सहा इंचांची, अशा तीन. "इंचभर चढायला फूटभर लांबी लागते. अठरा फूट. त्याहून कमी केलंत तर तुमच्या आत्याचे दंड भरून येतील." परवानगीसाठी दोघे ग्रंथपालांकडे गेले. ग्रंथपाल म्हणाले, "करा की. मला आजवर कुणी विचारलंच नाही." दोनशे चौदा निवेदनांपैकी एकही त्यांना गेलेले नव्हते.

पुढचे नऊ दिवस चिटणीस सकाळी सहा ते नऊ कामावर होते. पहिल्या दिवशी त्यांनी रचलेला विटांचा थर बाईंनी उचकटून काढला. "भाऊ, इथं 'सदरहू' चालत नाही. दोरी बघा आणि वीट ठेवा." चौथ्या दिवशी थर दोरीला धरून सरळ आला. घरी जायला निघालेले चिटणीस तो पाहायला दोनदा परत आले. निवेदन पाठवून झाल्यावर ते पुन्हा पाहायला जाण्याजोगे काही कधी उरले नव्हते.

घरी आत्याने त्यांचा हात खिडकीपाशी नेला. "बघू. अरे, घट्टे पडलेत की. जन्मात पहिल्यांदा."

"दुखतंय गं."

"दुखू दे. छान दिसतायत."

त्या नऊ दिवसांत समितीचे दोन सदस्य तिथून गेले. नळाचे खोदकाम असावे असे समजून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

काँक्रीट ओतून झाल्यावर बाईंनी वर ओली गोणपाटे अंथरली. "सात दिवस पाणी मारायचं. वर काही चढवायचं नाही, मांजरसुद्धा नाही. खालची कड पातळ आहे, ती आधी उडेल. कड उडाली की खुर्चीचं चाक तिथंच अडणार."

रविवारी संध्याकाळी तातडीची बैठक झाली. चिटणीसांनी सगळे सांगितले. मग खजिनदार म्हणाले, "म्हणजे उद्या मागायचं काय?" एका सदस्याने उतार एक दिवस बॅनरने झाकावा असे सुचवले. अध्यक्षांनी वेगळा तोडगा काढला: हा समितीचा विजय असल्याने ते स्वतः व्हीलचेअरवर बसून, मांडीवर वीट घेऊन, उतार चढतील.

"व्हीलचेअर कुठून आणायची?"

"आत्याबाईंची आहे की."

"पण सात दिवस त्यावर काही चढवायचं नाही," चिटणीस म्हणाले.

"अहो, प्रतीकात्मकच चढायचंय."

अध्यक्षांचे वजन ब्याण्णव किलो आहे.

सोमवारी अकराच्या सुमारास तीसेक लोक आणि दोन फोटोग्राफर जमले. आत्या आधीच आली होती. अध्यक्ष तिच्यापुढे वाकले. "आत्याबाई, अर्धा तास खुर्ची द्याल? तुमच्यासाठी प्लॅस्टिकची मागवलीय."

"देईन की. मी तिच्यात बसलेली असले तर चालेल?"

तिने खुर्ची उताराच्या पायथ्याशी आडवी लावली आणि ब्रेक ओढला. "पहिली मी चढणार. पुढच्या रविवारी."

"हा लढा तुमच्यासाठीच आहे हो."

"म्हणूनच आडवी आले."

नव्या घोषणा तयार नसल्याने 'उतार झालाच पाहिजे' ही जुनीच सुरू झाली. चिटणीसांनी घोषणा दिली नाही. पाण्याची वेळ झाली होती. ते बादलीने गोणपाटे भिजवत होते. थोडे पाणी अध्यक्षांच्या बुटांवर गेले. अकरा वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांनी आत्याच्या खुर्चीला वळसा घातला, वीट खालच्या कडेवरच्या गोणपाटावर ठेवली आणि फोटोसाठी विटेशेजारी एक पाय रोवला. आत्या "पाय काढा" म्हणेपर्यंत फोटो निघाला होता.

पावणेबाराला सगळे गेले. वीट राहिली.

दुपारी गवंडीबाई आल्या. त्यांनी वीट उचलली, गोणपाट उचलले नाही.

"कड गेली असेल का?" चिटणीसांनी विचारले.

"आत्ता उघडलं तर नक्की जाईल. रविवारी कळेल."

आत्या पायथ्याशीच होती. "मग मी रोज येऊन बसते," ती म्हणाली. "ग्रंथपालांना म्हणावं, पेपर बाहेर आणून द्या."

चार वाजता समितीचे पत्र आले. चिटणीसांनी आंदोलनाला बाधा आणल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी तो लिहायला घेतलेला नव्हता. गोणपाटांना चौथे पाणी मारून झाले होते.